महिना सहाशे डॉलरची आमदारकी आणि टेक्सासचा एक मशिनिस्ट

31 जानेवारी 2026 ला, शनिवारी, टेक्सासमधल्या फोर्ट वर्थ शहराच्या उत्तरेकडच्या पट्ट्यात एका जागेसाठी मतदान झालं. जागा राज्याच्या सिनेटची, मतदारसंघ क्रमांक 9. अनेक दशकं रिपब्लिकन पक्षाकडे असलेला हा भाग. 2024 च्या अध्यक्षीय निवडणुकीत डोनाल्ड ट्रम्प यांना इथे 17 टक्के मतांची आघाडी होती. तिथे डेमोक्रॅटिक पक्षाचा टेलर रेमेट हा उमेदवार सुमारे 57 विरुद्ध 43 टक्क्यांनी निवडून आला. त्याच्याविरुद्ध उभ्या असलेल्या ली वॉम्सगन्स यांना ट्रम्प यांचा जाहीर पाठिंबा होता आणि प्रचाराला पैसाही कितीतरी जास्त होता.

आपल्याकडे ही बातमी आली ती ‘ट्रम्पना धक्का’ अशा मथळ्यांखाली. दोन दिवस चर्चा झाली आणि विषय मागे पडला. मला मात्र निकालापेक्षा उमेदवाराची ओळख जास्त महत्त्वाची वाटते. रेमेट वकील नाही, बिल्डर नाही, कुणा पुढाऱ्याचा मुलगा नाही. तो अमेरिकेच्या हवाई दलात नोकरी केलेला माजी सैनिक आहे, पेशाने मशिनिस्ट, म्हणजे यंत्रांवर काम करणारा कुशल कामगार आहे आणि मशिनिस्टांच्या युनियनचा पुढारी आहे. अमेरिकेच्या राज्य विधिमंडळांत असा माणूस किती दुर्मीळ आहे हे कळलं, की या निकालाचं वेगळेपण लक्षात येतं. तो दुर्मीळ का, हे समजून घेण्यासाठी थोडं मुळापासून सुरू करू.

हे सिनेट कुठलं?

अमेरिकेत ‘सिनेट’ म्हटलं की वॉशिंग्टनमधलं सिनेट डोळ्यांपुढे येतं. पण तिथल्या प्रत्येक राज्याचं स्वतःचं विधिमंडळ असतं आणि नेब्रास्का सोडून सगळीकडे त्याची दोन सभागृहं असतात. टेक्सासच्या खालच्या सभागृहात 150 सदस्य, वरच्या सभागृहात, म्हणजे सिनेटमध्ये, 31. आपल्या विधान परिषदेशी त्याची गल्लत नको. तिथले 31 च्या 31 सिनेटर थेट लोकांच्या मतांवर निवडून येतात आणि त्यांची मुदत साधारण चार वर्षांची असते.

मतदारसंघांचा आकारही प्रचंड आहे. 2020 च्या जनगणनेत टेक्सासची लोकसंख्या 2 कोटी 91 लाख भरली. तिला 31 ने भागलं तर एका सिनेटरमागे सुमारे 9 लाख 40 हजार माणसं येतात. महाराष्ट्रात 2011 च्या जनगणनेनुसार एका आमदारामागे सरासरी 3 लाख 90 हजार येतात. टेक्सासचा राज्य सिनेटर वॉशिंग्टनला जाणाऱ्या तिथल्या खासदारापेक्षाही जास्त लोकांचं प्रतिनिधित्व करतो, कारण त्या खासदाराचा मतदारसंघ साधारण साडेसात-पावणेआठ लाखांचा असतो.

आणि या सभागृहाच्या हातात काय असतं? परराष्ट्र धोरण, व्हिसा, युद्ध हे सगळं वॉशिंग्टनकडे. शाळा, घरपट्टीचे नियम, विमा, कामगार कायद्यांचा मोठा भाग, निवडणुकीचे नकाशे हे राज्याकडे. म्हणजे माणसाच्या रोजच्या जगण्याला जे लागतं त्यातलं बरंचसं इथे ठरतं.

एकच उदाहरण जवळून बघू. टेक्सासचा उन्हाळा विदर्भातल्या माणसाला वेगळा समजावून सांगायला नको. ऑस्टिन शहराने 2010 मध्ये आणि डॅलसने 2015 मध्ये नियम केला, की बांधकामावरच्या मजुराला दर चार तासांनी दहा मिनिटांची सुट्टी द्यायची. पाणी प्यावं, सावलीत बसावं, एवढ्यासाठीच. 2023 मध्ये राज्य विधिमंडळाने एक कायदा केला. ज्या विषयांवर राज्याचे कायदे आहेत, त्यांत शहरांनी आपापले वेगळे नियम करायचे नाहीत, असा त्याचा गाभा. दहा मिनिटांचे ते नियमही त्याच्या कचाट्यात आले. ह्यूस्टन आणि इतर शहरं कोर्टात गेली, वाद लांबत राहिला. उन्हात काम करणाऱ्या माणसाची पाण्याची सुट्टी राहणार की जाणार, याचा निर्णय वातानुकूलित सभागृहात झाला. त्या सभागृहात उन्हात काम केलेली माणसं किती होती, हा माझ्या मते विचारायलाच हवा असा प्रश्न आहे.

मधेच निवडणूक कशी लागली?

आधीचे सिनेटर केली हॅनकॉक यांनी जून 2025 मध्ये राजीनामा दिला आणि ते राज्याच्या वित्तखात्याचा कारभार बघायला गेले. जागा रिकामी झाली. राज्यपालांनी पोटनिवडणूक लावली ती 4 नोव्हेंबर 2025 ला. मधल्या काळात विधिमंडळाची विशेष अधिवेशनं झाली, लोकसभेसारख्या त्यांच्या प्रतिनिधीगृहाचे मतदारसंघ नव्याने आखले गेले, त्यावरून देशभर गदारोळ उठला. या साऱ्या काळात क्रमांक 9 च्या मतदारांचा सिनेटमध्ये कुणीच प्रतिनिधी नव्हता.

टेक्सासमधल्या पोटनिवडणुकीची रीत आपल्याहून वेगळी आहे. एरवी तिथे आधी पक्षांतर्गत निवडणूक होते, पक्षाचा उमेदवार मतदारच निवडतात आणि मग खरी लढत होते. पोटनिवडणुकीत ती पहिली पायरीच नसते. सगळ्या पक्षांचे इच्छुक एकाच मतपत्रिकेवर असतात. कुणाला निम्म्याहून जास्त मतं मिळाली तर प्रश्न मिटला. नाहीतर पहिल्या दोघांत पुन्हा लढत. तिला आपण दुसरी फेरी म्हणू.

नोव्हेंबरात रेमेटला साधारण 47.6 टक्के मतं मिळाली. वॉम्सगन्स यांना 36 च्या आसपास, तर दुसरे रिपब्लिकन उमेदवार जॉन हफमन यांना 16 च्या आसपास. दोन्ही रिपब्लिकनांची बेरीज निम्म्याच्या वर जात होती. त्यामुळे दुसऱ्या फेरीत एकास एक लढत झाली की जागा राखली जाईल, असा हिशेब मांडला जात होता. तो चुकला.

युनियनचा पुढारी म्हणजे तिथे कोण?

आपल्याकडे कामगार पुढारी म्हटलं की गिरणगाव, फाटकावरच्या सभा, 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेला संप आणि डॉ. दत्ता सामंत आठवतात. सामंत 1972 मध्ये आमदार झाले होते आणि 1984 मध्ये, इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या लाटेतही, मुंबईतून अपक्ष खासदार झाले. संघटनेच्या बळावर कामगारांचा माणूस सभागृहात जातो, ही गोष्ट मुंबईला नवी नाही. टेक्सासला ती जवळपास परकी आहे, आणि त्याला कारण कायदा.

अमेरिकेत 1947 च्या एका केंद्रीय कायद्याने राज्यांना मुभा दिली, की कामगाराला युनियनची वर्गणी सक्तीची करता येणार नाही असा नियम त्यांनी हवा तर करावा. टेक्सासने त्याच वर्षी तो केला. या कायद्यांचं प्रचलित नाव ‘राइट टू वर्क’. नाव ऐकून कामाची हमी असेल असं वाटतं, पण तसं काही त्यात नाही. तुमच्या हाउसिंग सोसायटीत लिफ्ट, वॉचमन, पाण्याची टाकी सगळ्यांसाठी आहे. पण मेंटेनन्स ज्याला द्यावासा वाटेल त्यानेच द्यावा आणि न देणाऱ्याची लिफ्ट बंद करता येणार नाही, असा कायदा झाला तर सोसायटीचं काय होईल? युनियनने भांडून मिळवलेली पगारवाढ खात्यातल्या सगळ्यांना लागू होते, वर्गणी न देणाऱ्यालाही. शिवाय अशा माणसावर अन्याय झाला तर त्याची बाजू मांडणंही युनियनवर बंधनकारक असतं.

दुसऱ्या बाजूचाही मुद्दा आहे. ज्या संघटनेचं राजकारण मला पटत नाही तिला माझ्या पगारातून पैसे का जावेत, असं एखादा कामगार म्हणाला तर ते उडवून लावण्यासारखं नाही. पण परिणाम आकड्यांत दिसतो. 2024 मध्ये अमेरिकेत दर शंभर पगारदारांमागे जेमतेम दहा जण युनियनचे सभासद होते. टेक्सासमध्ये त्याच्या निम्मेही नव्हते. राज्यातल्या सरकारी शिक्षकांना आणि कर्मचाऱ्यांना संप करायला कायद्याने बंदी आहे, आणि पोलीस व अग्निशमन दलांसाठीचे अपवाद वगळता युनियनमार्फत सामूहिक करारही करता येत नाही.

अशा राज्यात फोर्ट वर्थ हे वेगळं बेट आहे. शहराच्या पश्चिमेला लॉकहीड मार्टिनचा विमान कारखाना आहे, दुसऱ्या महायुद्धात बॉम्बर विमानं बनवण्यासाठी उभारलेला, सुमारे मैलभर लांबीचा. आज तिथे एफ-35 लढाऊ विमानं जुळवली जातात. मशिनिस्टांची युनियन तिथे जुनी आणि मुरलेली आहे. 2012 मध्ये नव्याने भरती होणाऱ्यांची पेन्शन बंद करण्याच्या प्रस्तावावरून तिथल्या कामगारांनी सुमारे दहा आठवडे संप केला. जे अजून कामावर आलेलेही नाहीत त्यांच्या पेन्शनसाठी आहेत त्यांनी पगार सोडला. शेवटी करार झाला, पण नव्यांची पेन्शन वाचली नाही.

युनियनचं रोजचं काम मात्र संपाचं नसतं, कागदाचं असतं. समजा, एका फिटरला रविवारचा ओव्हरटाइम मिळायला हवा होता आणि फोरमनने तो दुसऱ्याला दिला. खात्यातला युनियनचा प्रतिनिधी कराराचं पुस्तक काढतो, सेवाज्येष्ठतेचं कलम शोधतो, तारीख-वार घालून लेखी तक्रार देतो. फोरमनने नाकारली तर वर मॅनेजरकडे, तिथून कंपनीच्या कामगार संबंध खात्याकडे, तिथेही अडली तर बाहेरच्या लवादापुढे. प्रत्येक टप्प्याला मुदत असते, आणि एक दिवस चुकला तरी तक्रार बाद होऊ शकते. ‘शकेल’ लिहिलंय की ‘द्यावा लागेल’ लिहिलंय, यावर माणसाचे पैसे ठरतात. दहा वर्षं हे करणाऱ्याला विधेयकाचा मसुदा वाचायला वेगळं शिकावं लागत नाही. कायदे करायला वकीलच लागतो असं म्हणणाऱ्यांनी एकदा असा प्रतिनिधी काम करताना बघावा.

आणि गणवेश?

अमेरिकेत सेवेत असलेल्या सैनिकाला पक्षीय निवडणूक लढवता येत नाही. बाहेर पडल्यावर तो मोकळा. सेवेत असताना युनियनही करता येत नाही. 1970 च्या दशकात एका कर्मचारी संघटनेने सैनिकांना सभासद करून घेण्याचा विचार सुरू केला, तेव्हा 1978 मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा करून ते बंद केलं. आपल्याकडेही राज्यघटनेच्या 33 व्या कलमाने संसदेला सैन्यदलांचे मूलभूत हक्क मर्यादित करण्याचा अधिकार दिला आहे, आणि लष्करी कायद्यानुसार जवानाला कामगार संघटनेत जाता येत नाही. म्हणजे एकाच माणसाच्या आयुष्यात आधी हुकूम पाळण्याची नोकरी आणि नंतर हुकुमाला कलम दाखवण्याची, असा बदल घडतो. वरवर हे परस्परविरोधी वाटतं.

हवाई दलाच्या मेकॅनिकचं काम जवळून पाहिलं की तसं वाटत नाही. अमेरिकी हवाई दलात प्रत्येक विमानाची एक नोंदवही असते. उड्डाणाला धोकादायक असा दोष सापडला की मेकॅनिक त्यात लाल फुली मारतो. ती फुली असेपर्यंत विमान उडत नाही. वैमानिक घाईत आहे, मोठा अधिकारी वाट बघतोय, म्हणून ती खोडता येत नाही. दुरुस्ती होते, अधिकृत तपासनीस बघतो, सही करतो, मगच ती निघते. सही करणाऱ्याचा हुद्दा बऱ्याचदा साधाच असतो. पण त्याच्या सहीपुढे कर्नललाही थांबावं लागतं. नियम सगळ्यांना सारखा, आणि तो कागदावर असतो, ही सवय तिथून येते आणि कारखान्यात उपयोगी पडते.

तरीही एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. सैन्यात होता म्हणून माणूस चांगला आमदार होईल, असं काही नसतं. माजी सैनिक दोन्ही पक्षांत आहेत, शहाणे आहेत तसे नसलेलेही. गणवेशाने उमेदवाराला मिळतं ते वेगळंच. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकी काँग्रेसमध्ये जवळपास तीन चतुर्थांश सदस्य माजी सैनिक होते. 1973 मध्ये सक्तीची लष्करभरती संपली आणि पुढे हे प्रमाण घसरत गेलं. आज ते पाचव्या हिश्शाच्याही खाली आहे. राजकारणात हा अनुभव जितका कमी होत गेला तितकी मतदारांच्या मनात त्याची किंमत वाढली. रिपब्लिकन वस्तीत डेमोक्रॅट उमेदवार दार वाजवतो तेव्हा बरीच दारं नाव ऐकूनच बंद होतात. ‘हवाई दलात होतो’ म्हटल्यावर निदान पुढचं वाक्य ऐकून घेतलं जातं. त्यापुढचं त्याचं त्यानेच सांगायचं.

सहाशे डॉलरचं गणित

आता या सगळ्याच्या मुळाशी असलेला प्रश्न. टेक्सासच्या सिनेटरला पगार किती? महिना 600 डॉलर. वर्षाला 7,200. हा आकडा राज्याच्या घटनेतच लिहिलेला आहे आणि 1975 पासून बदललेला नाही.

तुलना करू. अमेरिकेचं केंद्रीय किमान वेतन 2009 पासून तासाला 7.25 डॉलर आहे, टेक्सासमध्येही तेच लागू आहे. आठवड्याला चाळीस तास या दराने वर्षभर राबणाऱ्याला 15,080 डॉलर मिळतात. साडेनऊ लाख लोकांच्या सिनेटरचा पगार त्याच्या निम्म्याहूनही कमी! अधिवेशनाच्या काळात दिवसाला सुमारे 220 डॉलर भत्ता मिळतो, म्हणजे 140 दिवसांचे तीसेक हजार. पण त्यातच राज्याच्या राजधानीत, ऑस्टिनमध्ये, भाड्याने राहायचं, खायचं, आणि तीनेकशे किलोमीटरवरच्या फोर्ट वर्थला ये-जा करायची.

वेळेचा हिशेब तर पगाराहून कठीण. विधिमंडळ दर विषम वर्षी जानेवारीच्या दुसऱ्या मंगळवारी भरतं आणि जास्तीत जास्त 140 दिवस चालतं. शिवाय राज्यपालांना वाटेल तेव्हा ते तीस-तीस दिवसांची विशेष अधिवेशनं बोलावू शकतात, किती आणि कधी हे आधी कळत नाही. कल्पना अशी, की आमदारकी हा पोटाचा धंदा नसावा. शेतकऱ्याने, दुकानदाराने चार-पाच महिने राज्याचं काम करावं आणि परत आपल्या कामाला लागावं. कल्पना सुंदर आहे. प्रत्यक्षात पाच महिने कामावरून गायब राहून परत त्याच जागेवर येणं कुणाला जमतं? वकिलाला जमतं, त्याच्या फर्मला ते प्रतिष्ठेचंच वाटतं. स्वतःचा धंदा असलेल्याला जमतं. विमा एजंटाला जमतं. तीन पाळ्यांत चालणाऱ्या कारखान्यातल्या मशिनिस्टाने फोरमनला जाऊन सांगावं, की जानेवारी ते मे मी येणार नाही? परिचारिकेने, ट्रकचालकाने, शिक्षिकेने सांगावं? त्याआधी प्रचाराचे सहा-आठ महिने, तेही बिनपगारी.

त्यात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मला फार खटकते. माजी सदस्यांची पेन्शन या 7,200 वर ठरत नाही. ती ठरत आली आहे जिल्हा न्यायाधीशाच्या पगाराच्या आधारावर, आणि त्यासाठी आठ वर्षांची सेवा लागते. ज्याला आठ वर्षं तुटपुंज्या पगारावर काढणं परवडतं त्याला म्हातारपणी चांगली पेन्शन. ज्याला परवडत नाही तो तिथपर्यंत पोचतच नाही.

याचा परिणाम देशभर दिसतो. अमेरिकेतल्या सगळ्या राज्य विधिमंडळांत मिळून 7,386 सदस्य आहेत. निकोलस कार्न्स आणि एरिक हॅन्सन या दोन राज्यशास्त्रज्ञांनी त्यांचे पेशे तपासले. अंगमेहनतीचं, सेवा क्षेत्रातलं, कारकुनी किंवा युनियनचं काम करणारे, किंवा निवडून येण्याआधी शेवटचं तेच काम केलेले, सदस्य 2023 च्या सुमारास निघाले 116. म्हणजे शंभरात दोनसुद्धा नाहीत. अमेरिकेतला निम्म्याच्या आसपास कामकरी समाज अशीच कामं करतो.

“मग पगार वाढवा, प्रश्न सुटेल”

हे सगळ्यांनाच पहिल्यांदा सुचतं. न्यूयॉर्क राज्यात आमदाराचा पगार वर्षाला 1 लाख 42 हजार डॉलर आहे. न्यू हॅम्पशायरमध्ये वर्षाला 100 डॉलर, हो, शंभरच. न्यूयॉर्कमध्ये कामगार आमदारांची रांग लागायला हवी होती. लागलेली नाही.

कार्न्स आणि हॅन्सन यांनी 2016 मध्ये नेमकं हेच तपासलं आणि त्यांना आढळलं, की जास्त पगार देणाऱ्या राज्यांत कामगारवर्गातले आमदार जास्त नसतात. चांगला पगार म्हटल्यावर अर्ज भरणारे सुशिक्षित व्यावसायिकच वाढतात. महाराष्ट्राच्या वाचकाला हे पटायला वेळ लागू नये. आपल्या आमदारांना महिन्याला लाखांत मोबदला आहे, पेन्शन आहे. त्यातून विधानसभेत रिक्षाचालक आणि यंत्रमाग कामगार भरले, असं काही झालेलं नाही.

टेक्सासचे 600 डॉलर त्यामुळे समर्थनीय ठरत नाहीत. अडथळा पगाराआधीच सुरू होतो, एवढाच त्याचा अर्थ. उमेदवार हो असं त्या माणसाला कुणी म्हणत नाही, पैसे कसे उभे करायचे ठाऊक नसतं, पक्षाच्या बैठका त्याच्या पाळीच्या वेळेत असतात. टेक्सासमध्ये राज्याच्या निवडणुकीत एखाद्या व्यक्तीने उमेदवाराला किती पैसे द्यावेत यावर मर्यादाच नाही, त्यामुळे ज्याच्या ओळखी श्रीमंतांत त्याची सुरुवातच पुढून होते.

यावर काही प्रमाणात चाललेला उपाय न्यू जर्सीत सापडतो. तिथल्या कामगार संघटनांच्या महासंघाने 1997 पासून उमेदवारांची शाळा चालवली आहे. सुतार, वीज कामगार, शिक्षक यांना अर्ज कसा भरायचा, निधी कसा मागायचा, मतदारयादी कशी वाचायची, हे शिकवतात आणि मग गावच्या शाळा मंडळापासून राज्याच्या विधिमंडळापर्यंत उभं करतात. तिथून बाहेर पडलेल्यांनी हजाराहून जास्त निवडणुका जिंकल्या आहेत. वर्गणी, माणसं, हॉल, फोन, घरोघर फिरायची सवय हे सगळं युनियनकडे आधीच असतं. म्हणून रेमेटच्या बाबतीत युनियन ही निव्वळ ओळख नाही, ती नसती तर तो अर्ज भरण्यापर्यंतही कदाचित पोचला नसता.

“युनियनवाला युनियनचंच बघणार”

बघेल, काही अंशी नक्की बघेल. पण मग घरं बांधणारा आमदार जमिनीच्या नियमांवर मत देतो, विमा एजंट विम्यावर देतो, वकील दाव्यांच्या नुकसानभरपाईवर देतो, तेव्हा आपण हा आक्षेप का घेत नाही? ते ‘अनुभवी’ आणि हा ‘हितसंबंधी’, हा न्याय मला मान्य नाही. प्रत्येक जण आपल्या आयुष्याचा अनुभव घेऊनच सभागृहात बसतो. प्रश्न प्रमाणाचा आहे.

टेक्सासमध्ये खासगी मालकाने कामगारांचा अपघात विमा उतरवलाच पाहिजे अशी सक्ती नाही. जवळजवळ सगळ्या राज्यांत ती आहे. अशा कायद्यावर चर्चा होते तेव्हा मालकांची बाजू माहीत असलेले पुष्कळ असतात. मशीनमध्ये बोट गेलेल्या माणसाला घेऊन हॉस्पिटलात गेलेला एक तरी सभागृहात असावा, ही मागणी काही अवाजवी नाही.

शिवाय युनियनचे सगळे सभासद एकाच पक्षाचे नसतात. रिपब्लिकनांना मत देणारे कामगार भरपूर आहेत, आणि विमान कारखान्यात तर नक्कीच. त्यांच्यात राहून निवडून येणाऱ्या पुढाऱ्याला पक्ष बाजूला ठेवून बोलायची सवय लागलेली असते. नेब्रास्कात डॅन ऑस्बर्न या नौदलातल्या माजी सैनिकाने हाच मार्ग धरला. ओमाहामधल्या केलॉग्जच्या कारखान्यातला हा मेकॅनिक 2021 च्या संपात पुढे होता. 2024 मध्ये तो वॉशिंग्टनच्या सिनेटसाठी अपक्ष उभा राहिला आणि पक्क्या रिपब्लिकन राज्यात सहा-सात टक्क्यांनी हरला. त्याच दिवशी तिथे ट्रम्प सुमारे वीस टक्क्यांनी जिंकले होते.

“पोटनिवडणुकीचा निकाल, त्याचं काय एवढं!”

यात तथ्य आहे. शनिवारी झालेल्या दुसऱ्या फेरीला अध्यक्षीय निवडणुकीसारखं मतदान होत नाही. चिडलेला मतदार येतो, निर्धास्त असलेला घरी बसतो. त्या हिवाळ्यात देशभरात सत्ताधाऱ्यांविरुद्ध वारं होतंच. स्थानिक कारणंही होती. याच भागातल्या केलर शाळा जिल्ह्याचे, म्हणजे तिथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेचे, दोन तुकडे करायचा घाट 2025 च्या सुरुवातीला घातला गेला, पालक संतापले आणि तो सोडून द्यावा लागला. वॉम्सगन्स यांचं राजकारण शेजारच्या साउथलेकमधल्या शाळांच्या वादांतून पुढे आलेलं. त्यामुळे शाळा हा इथे तापलेला विषय होता आणि या निकालात युनियनचा वाटा किती, चिडलेल्या पालकांचा किती, हे कुणी वेगळं काढून दाखवू शकणार नाही.

आणि सत्तेचं गणित जराही बदललेलं नाही. 31 जणांच्या सिनेटमध्ये रेमेटला धरून डेमोक्रॅट 12. पाण्याच्या सुट्टीचा कायदा तो एकट्याने आणू शकत नाही. त्याची मुदतही हॅनकॉक यांच्या उरलेल्या मुदतीइतकीच, जानेवारी 2027 पर्यंत. नियमित अधिवेशन भरणार 12 जानेवारी 2027 ला. मधे विशेष अधिवेशन झालं नाही तर एकाही विधेयकावर मत न देताच त्याला 3 नोव्हेंबर 2026 ला याच जागेसाठी, वॉम्सगन्स यांच्याच विरुद्ध, पुन्हा उभं राहायचं आहे. तेव्हा मतदान कितीतरी जास्त होणार.

आपल्या माणसांचा याच्याशी संबंध काय?

पुण्या-ठाण्यातल्या, नाशिक-नागपूरच्या कित्येक घरांतली मुलं डॅलस आणि फोर्ट वर्थच्या परिसरात आहेत. गणपती, दिवाळी, मराठी शाळा, सगळं तिथे रुजलंय. या घरांत अमेरिकी राजकारण म्हणजे वॉशिंग्टन आणि व्हिसा, एवढंच बोललं जातं. पण मुलांच्या शाळेचा निधी, घरपट्टी, विद्यापीठांची धोरणं ऑस्टिनमध्ये ठरतात. मे 2025 मध्ये खासगी शाळांच्या फीसाठी सरकारी पैसे देणारी एक अब्ज डॉलरची योजना झाली, ती राज्य विधिमंडळानेच केली.

व्हिसाचं म्हणाल तर तो राज्याच्या हातात नसतो, तरी राज्याला त्यात पाय अडकवता येतो. जानेवारी 2026 च्या अखेरीस, या मतदानाच्या काही दिवस आधी, राज्यपाल ग्रेग ॲबट यांनी राज्य सरकारच्या संस्थांना आणि सरकारी विद्यापीठांना नवे एच-वन-बी अर्ज करण्यापासून 31 मे 2027 पर्यंत रोखलं. ही तारीख सहज निवडलेली नाही. 2027 चं विधिमंडळाचं अधिवेशन तोपर्यंत संपलेलं असेल आणि पुढे काय करायचं ते त्या अधिवेशनात ठरू शकेल. तिथल्या विद्यापीठात संशोधन करणाऱ्या मराठी मुलीची नोकरी त्या 31 जणांपर्यंत जाऊन पोचते ती अशी.

मत द्यायला अमेरिकेचं नागरिकत्व लागतं. ग्रीन कार्डवाल्यांना आणि एच-वन-बीवाल्यांना ते नाही. नागरिक झालेल्यांनी मात्र एक करावं. नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर वरची दोन-चार मोठी नावं सोडून खाली यावं. टेक्सासमध्ये 2020 पासून एका खुणेने सगळ्या जागांवर एकाच पक्षाला मत देण्याची सोय बंद झाली आहे. प्रत्येक जागेसाठी वेगळी खूण करावी लागते. राज्य सिनेटचा रकाना त्या लांबलचक यादीत बराच खाली असतो, आणि कंटाळून तो कोरा सोडणारे बरेच असतात.